मुक्काम, झानारकंदच्या अलीकडे

सात जण शेकोटीभोवती बसले आहेत. मागं एक प्रचंड, पडकं शहर आहे. हवेत प्रकाशाचे ठिपके काजव्यांसारखे तरंगताहेत. तलवारी, भाला, काठी, सगळी शस्त्रं बाजूला एकत्र ठेवली आहेत, शेतावरून आल्यावर अवजारं भिंतीला लावून ठेवतात तशी. कुणी बोलत नाही. नुसता पियानो वाजतोय. मग त्यातला एक पोरगा उठतो, शेजारच्या मुलीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो, टेकाडावर चढतो आणि सांगतो, की माझी गोष्ट ऐका, कदाचित ही शेवटचीच संधी असेल.

'फायनल फॅन्टसी टेन' असा सुरू होतो. हा खेळ प्लेस्टेशन २ वर २००१ साली आला. मी तो पहिल्यांदा लावला २००६ च्या उन्हाळ्यात, आठवीची परीक्षा संपल्यावर, कराडच्या आमच्या घरात. आणि पुढचे दोन आठवडे रोज फक्त सुरुवातच खेळले, कारण मेमरी कार्ड नव्हतं.

पुण्याच्या मामानं त्याचा जुना प्लेस्टेशन मला दिला, तेव्हा सोबत दोन कंट्रोलर, लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरी आणि डिस्कचा डबा होता. मेमरी कार्ड म्हणजे तळहातात मावणारी आठ मेगाबाइटची काळी पट्टी. ती पुण्याहून निघताना तिथंच राहिली होती. कार्ड नाही तर सेव्ह नाही. सेव्ह नाही तर कन्सोल बंद करायचा नाही. आणि आमच्याकडे तर भारनियमन. संध्याकाळी साडेसहाला लाईट जायची ती नऊला यायची. दुपारी चारला मी खेळ लावायचे. ते विजेच्या दिव्यांनी उजळलेलं शहर, त्यातलं पाण्याच्या गोळ्यातलं स्टेडियम, समुद्रातून आलेला राक्षस, सगळ्याचा नाश, मग अंधाऱ्या देवळाचे भग्न अवशेष, परक्या लोकांचं जहाज, आणि शेवटी बेसाइड नावाच्या बेटाचा ऊन पडलेला किनारा. तिथं पोचेपर्यंत साडेसहा वाजायचे. टीव्हीच्या मधोमध पांढरा ठिपका उरायचा आणि तोही विझायचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शेकोटी. पुन्हा तोच पियानो.

आजी त्याच खोलीत असायची. दुपारची पोथी वाचून झाली की चष्मा काढून, भिंतीला टेकून बसायची. पहिले दोन-तीन दिवस तिनं लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी तो पियानो सुरू झाला आणि तिनं विचारलं, "हे सगळे कशासाठी बसलेत गं असे? कुणाचं काही झालंय का?"

मला माहीत नव्हतं. खेळानं सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "पुढं कळेल."

"मग जा की पुढं," आजी म्हणाली.

कार्ड आलं आणि आम्ही पुढं गेलो. आम्ही म्हणतेय, कारण त्या उन्हाळ्यात कंट्रोलर माझ्या हातात असला तरी तो खेळ आम्ही दोघी मिळून खेळलो. माझं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. इंग्रजी वाचता यायचं, ऐकून कळायचं नाही. खाली येणारी वाक्यं मी आधी स्वतः वाचायची, मग आजीला मराठीत सांगायची. दुपारी ती पोथी वाचायची आणि मी ऐकायची, चारनंतर मी वाचायची आणि ती ऐकायची. ज्या खेळात सारखं धावावं लागतं, गोळ्या चुकवाव्या लागतात, तिथं हे जमलंच नसतं. इथं लढाईतसुद्धा पडद्याच्या उजव्या बाजूला पुढचा नंबर कुणाचा, मग कुणाचा, अशी यादी दिसायची, आणि मी ठरवेपर्यंत समोरचा राक्षसही उभा राहून वाट पाहायचा. आजी निवांत विचारायची, "आता ही काळ्या कपड्यांतली काय करणार?" मी सांगायची, वीज पाडणार. मग बटण दाबायची.

हा निवांतपणा हेच माझ्या मते कन्सोलवरच्या या भूमिकाप्रधान खेळांचं मोठेपण. भूमिकाप्रधान हा शब्द जड आहे, आम्ही सगळे आरपीजीच म्हणतो. त्यातलं जपानी घराणं वेगळं. पन्नास-साठ तासांची गोष्ट, सोबतीला चार-सहा जण, आणि वाटेत लागणारी गावं. गावात शिरलं की प्रत्येक माणसापाशी जाऊन बोलायचं. विहिरीवरच्या बाईशी, पळणाऱ्या पोराशी, दुकानदाराशी. बहुतेक जण दोनच वाक्यं बोलतात. पण त्या दोन-दोन वाक्यांतून गाव उभं राहतं.

नायकाचं नाव आपण ठेवायचं असतं. तसं त्याचं नाव तिदस. ओकिनावाच्या भाषेत 'तिदा' म्हणजे सूर्य, आणि नायिकेचं 'युना' हे तिथल्या समुद्रकाठी वाढणाऱ्या एका जास्वंदीच्या जातीच्या झाडाचं नाव. हे मला फार नंतर कळलं. मी आजीला विचारलं, काय नाव ठेवू? ती म्हणाली, "दत्तू ठेव." दत्तू हा तिचा धाकटा भाऊ. वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईला गिरणीत गेला होता. "असाच होता," आजी म्हणाली. "फार बोलायचा." मी रोमन अक्षरं एकेक निवडून दत्तू लिहिलं.

या नावाची एक गंमत आहे. खेळणारा काहीही नाव ठेवू शकतो, त्यामुळे आवाज देणाऱ्या नटांना ते उच्चारताच येत नाही. सबंध खेळात सोबतची माणसं त्याला हाक मारतात ती नाव टाळूनच. त्याचं नाव मोठ्यानं घेतलं जायचं ते फक्त आमच्या घरात.

गोष्ट थोडक्यात अशी. स्पिरा नावाचं जग आहे. तिथं सिन नावाचा अजस्र प्राणी समुद्रातून येतो आणि गावंच्या गावं धुऊन नेतो. सिन म्हणजे पाप. हे मी सांगितल्यावर आजीला राक्षसाची वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही. युना ही देवतांना बोलावणारी मुलगी. प्रत्येक देवळात जाऊन प्रार्थना करायची, त्या देवळातली शक्ती मिळवायची, पुढच्या देवळाकडे निघायचं, आणि शेवटी झानारकंद या पडक्या शहरात पोचून सर्वांत मोठी शक्ती घ्यायची, म्हणजे सिनला हरवता येतं. सिन मेल्यावर काही वर्षं शांततेची. मग तो परत येतो. युनाच्या वडिलांनी दहा वर्षांपूर्वी हेच केलेलं असतं.

"म्हणजे यात्रा," आजी म्हणाली.

यात्राच. वाटेतल्या एका देवळात बर्फाची देवी मिळते आणि तिचं नाव शिवा. हे नाव या मालिकेत १९९० च्या तिसऱ्या खेळापासून आहे, आणि शिवा कायम निळसर, थंडगार अशी स्त्रीच असते. मला वाटलं आजीला हे आवडणार नाही. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हिमालयात राहायचं म्हणजे बर्फ आलंच."

किलिका नावाचं बंदर सिन उद्ध्वस्त करतो, त्या संध्याकाळचा प्रसंग तर मी कितीदा पाहिलाय. मेलेल्यांची शरीरं पाण्यात ठेवलेली, काठावर मशाली, माणसं रडताहेत. युना अनवाणी पाण्यावरून चालत जाते आणि हातातली काठी फिरवत नाचते. त्या जगात मेलेल्यांना असं पुढं पाठवावं लागतं. नाही पाठवलं तर ते जिवंत माणसांचा मत्सर करत मागं राहतात आणि त्यांचे राक्षस होतात. वाटेत ज्यांच्याशी आपण पन्नास तास लढतो ते हेच, कुणी न पाठवलेले. मी हे जमेल तसं मराठीत सांगितलं. आजोबांच्या दहाव्याला कावळा किती वेळ शिवला नव्हता ते घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. आजीनं मान हलवली. "अडकून राहू नये कुणी," एवढंच म्हणाली.

आणि मग मूनफ्लो नदी. काठावर फुलं, त्यांच्यावर प्रकाशाचे ठिपके. रात्री ही सबंध नदी उजळते असं कुणीतरी सांगतं. दत्तू लगेच खूश होऊन म्हणतो, सिनला हरवलं की आपण परत इथं यायचं, मग निवांत बघू. त्यावर कुणीच काही बोलत नाही. दोन-तीन सेकंदांची शांतता, आणि विषय बदलतो. मी बटण दाबून पुढं जाणार होते.

"थांब," आजी म्हणाली. "ही पोर परत येणार नाही."

मी म्हटलं, "कशावरून?"

"बाकीच्यांना माहितीय. परत आल्यावर काय करशील असं तिला आजवर एकानं तरी विचारलंय का? हा एकटाच बोलतोय, कारण ह्याला कुणी सांगितलं नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "आधी काशीला जाणाऱ्याला असंच पोचवायला जायचे. परत ये म्हणायचं नाही कुणी."

मला राग आला. गोष्ट मी वाचत होते, डिस्क माझी होती, आणि पुढचं हिला कसं कळणार? पुढं आठ-दहा तासांनी वाळवंटातल्या एका पेटलेल्या वस्तीत दत्तूला पहिल्यांदा सांगितलं जातं, की सिनला शेवटचा घाव घालणारी युना त्याच क्षणी मरणार आहे. दत्तू ओरडतो, सगळ्यांवर चिडतो, तुम्हाला माहीत होतं आणि मला बोलला नाहीत म्हणून रडतो. मी आजीकडे बघितलं नाही. तिनंही 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. त्यानंतर मला एक सवय लागली ती आजही आहे. या खेळांत माणसं जे बोलतात तेवढं वाचून मी थांबत नाही. ती कुठं गप्प होतात तेही पाहते.

मुक्काम हा शब्दही आजीचाच. वाटेत जागोजागी निळसर चमकणारा गोळा लागतो. त्याला हात लावला की सोबतच्या सगळ्यांच्या जखमा भरतात आणि प्रवास कार्डावर नोंदला जातो. तो गोळा दिसला की आजी म्हणायची, "आला मुक्काम." साडेसहाला दहा मिनिटं उरली की ती घड्याळाकडे बघायची आणि विचारायची, "मुक्काम किती लांब आहे?" कधी गाठायचो, कधी नाही. नाही गाठला की ते दोन तास नाहीसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाट, तेच राक्षस, तेच संवाद. मला वैताग यायचा. आजीला नाही. पोथीचा तोच अध्याय ती किती वर्षं वाचत होती.

सर्वांत वाईट झालं ते झानारकंदच्या आत, ती सर्वांत मोठी शक्ती देणाऱ्या युनालेस्काशी लढताना. लढाईआधी मोठा प्रसंग आहे, तो टाळता येत नाही. मग तिची तीन रूपं, एकामागून एक. दुसऱ्या रूपात ती सगळ्यांना झोंबी करून टाकते, म्हणजे औषध दिलं तरी ते जहरासारखं लागतं. मी शहाणपणा करून एकेकाला बरं करत गेले. तिसरं रूप आलं आणि तिनं एकच मंत्र म्हटला. जे बरे झाले होते ते सगळे मेले. त्या मंत्रातून फक्त झोंबी वाचतात. दुसऱ्या दिवशी दोघांना तसंच आजारी ठेवलं, तिसऱ्या रूपात बरीच पुढं गेले, आणि लाईट गेली. साडेसहाला वीस मिनिटं होती. त्या आठवड्यात वेळापत्रक बदललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

अंधारात मी रडले. आजी कंदील लावायला उठली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता कुठं आहेत सगळी?"

"कुठं म्हणजे? गेलं सगळं. आधीच्या सेव्हपाशी."

"म्हणजे मुक्कामाला आहेत," आजी म्हणाली. "बसू दे. दमली असतील."

या मुक्कामाचा इतिहास मी पुढं नोकरीला लागल्यावर शोधून वाचला, आणि प्रत्येक पानाला आजीला सांगावंसं वाटलं. या खेळांची जपानी परंपरा घरोघर पोचली ती 'ड्रॅगन क्वेस्ट'मुळे. २७ मे १९८६ ला एनिक्स कंपनीनं तो निन्तेन्दोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर आणला. रचना युजी होरी यांची, चित्रं आकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचं. सबंध खेळ ६४ किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत असे कित्येक खेळ मावतील. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळाच्या कॅसेटमध्ये, प्रवास नोंदवायला जागाच नव्हती. म्हणून राजाकडे जायचं, आणि राजा आपल्याला वीस अक्षरांचा मंत्र द्यायचा. जपानीत त्याचं नाव पुनरुज्जीवनाचा मंत्र. आपण कोणत्या पातळीवर आहोत, जवळ किती सोनं आहे, कोणती हत्यारं आहेत, सगळं त्या वीस अर्थहीन अक्षरांत गुंफलेलं असायचं. आणि ती अक्षरं पाच, सात, पाच, तीन अशा ओळींत यायची. पाच-सात-पाच म्हणजे हायकूची लय. जपानी पोरांच्या कानात ती बसलेलीच. आपल्याकडे ओवीची बसलेली असते तशी.

मुलं ती वहीत उतरवून घ्यायची. त्या काळचे धूसर टीव्ही. हिरागानातली 'नु' आणि 'मे', 'हा' आणि 'हो' एकमेकांसारखी दिसतात, आपल्याकडे घ आणि ध, भ आणि म दिसतात तशी. एक अक्षर चुकलं की दुसऱ्या दिवशी खेळ सांगणार, मंत्र चुकला आहे. दुसऱ्या भागात तर हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. १९८८ च्या तिसऱ्या भागात कार्ट्रिजमध्ये बारीक बॅटरी आली, तिच्यावर प्रवासाची वही जिवंत राहायची. पण कधीकधी खेळ सुरू करताच एक भेसूर धून वाजायची आणि अक्षरं उमटायची: खेद वाटतो, पण तुमची वही नाहीशी झाली आहे. ती धून आजही चाळिशी-पन्नाशीतल्या जपानी माणसांच्या अंगावर काटा आणते म्हणतात. मला त्याचं नवल वाटलं नाही. टीव्हीचा तो विझणारा पांढरा ठिपका आठवला की माझ्याही पोटात गोळा येतो.

१९८७ च्या डिसेंबरात हिरोनोबु साकागुची यांचा पहिला 'फायनल फॅन्टसी' आला. त्यात सेव्ह करायची पद्धत वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. गावातल्या खानावळीत रात्र काढायची, किंवा रानावनात तंबू ठोकायचा. झोपल्याशिवाय प्रवास नोंदलाच जायचा नाही. सेव्ह करणं म्हणजेच मुक्काम करणं. आजीनं न वाचता नेमका तोच शब्द वापरला होता.

होरींनी आणखी एक गोष्ट केली, तिचं कौतुक पुरेसं होत नाही असं मला वाटतं. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये मेलात तर सगळं संपत नाही. तुम्ही राजापुढं जागे होता. जवळचं निम्मं सोनं जातं. पण आजवर मिळवलेला अनुभव तसाच राहतो. हातात चपळाई नसलेल्या माणसानंही वेळ दिला तर तो हळूहळू बळकट होत जातो आणि एक दिवस शेवटापर्यंत पोचतो. बोटांच्या कसबाला न विचारता धीराला दिलेली ही किंमत आहे. मला आजवर इतर कोणत्याही खेळात, मैदानावरच्यासुद्धा, इतक्या मायेनं कुणी आत घेतलेलं नाही.

होरी, साकागुची आणि तोरियामा हे तिघं एकत्र आले १९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर'साठी. मी तो निन्तेन्दो डीएस या हातात मावणाऱ्या कन्सोलवर खेळले, पुण्यात, लोकलनं जाता-येता. काळातून पुढंमागं करायची गोष्ट. तिच्यात रोबो नावाचा यंत्रमानव आहे. एका वाळवंटाचं रान करायचं असतं, आणि त्याला शतकं लागणार. रोबो म्हणतो, मी थांबतो, तुम्ही पुढं जा. सोबती कालयानात बसतात आणि चारशे वर्षं ओलांडून क्षणात उतरतात. खाली हिरवं रान, आणि एका देवळात जपून ठेवलेला, गंजलेला रोबो. त्याला दुरुस्त करतात, आणि त्या रात्री रानातच शेकोटी पेटवून सगळे बसतात. चारशे वर्षं एकट्यानं झाडं लावताना काय काय मनात आलं ते रोबो सांगतो. मग सगळे झोपतात. सोबत्यांतली लुक्का एकटी जागी होते आणि तिला झाडांत एक लाल दार दिसतं. त्यातून ती लहानपणीच्या घरी पोचते, जिथं यंत्रात झगा अडकून तिच्या आईचे पाय जाणार आहेत. आपल्याला फक्त यंत्र थांबवायचा शब्द माहीत हवा. तो शब्द म्हणजे आईचं नाव, लारा. मला पहिल्या खेपेला तो सुचला नाही. गाडी शिवाजीनगरला थांबली होती आणि माझ्याच्यानं उठवेना.

शेकोटीपाशीच अशी दारं का उघडतात? मला वाटतं, लढाईत माणूस जे करतो ते करतो, पण ते काय होतं हे त्याला कळतं मुक्कामाला. २०१६ च्या 'फायनल फॅन्टसी फिफ्टीन'मध्ये हे अगदी नियमासारखं आहे. दिवसभर कितीही लढा, तो अनुभव अंगी लागत नाही. रात्री तंबू ठोकला, सोबतीच्या इग्निसनं स्वयंपाक केला, सगळे जेवले आणि झोपले की मगच पातळी वाढते. प्रॉम्प्टो या दुसऱ्या सोबत्यानं दिवसभर काढलेले फोटो त्या वेळी दिसतात आणि कोणते ठेवायचे ते आपण निवडायचं. शेवटच्या लढाईआधी नायक त्यातला एकच फोटो सोबत घेऊन जातो. कोणता, ते आपण ठरवायचं. मी अर्धा तास लावला. निवडला तो मोडक्या गाडीला धक्का मारतानाचा.

आता खेळ आपोआप सेव्ह होतो. नवा कन्सोल नुसता झोपवून ठेवता येतो, वाक्याच्या मधोमध. नोकरी, स्वयंपाक, प्रवास यांतून वेळ काढणाऱ्या माझ्यासारखीला ही मोठी सोय आहे आणि मी ती वापरते. पण मुक्काम किती लांब आहे असं विचारायची वेळ आता येत नाही, आणि त्या प्रश्नातली ओढ मी शोधत राहते. नव्या खेळांतही राहुटी, देवीची मूर्ती, शेकोटी दिसली की मी गरज नसताना थांबते. सोबतच्यांना बसू देते.

२०२१ च्या जुलैत तोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन टीव्हीवर लागलं होतं. रिकामं स्टेडियम. ग्रीसचे खेळाडू आत यायला लागले आणि सुगियामांची 'ड्रॅगन क्वेस्ट'ची नांदी वाजली. मग 'फायनल फॅन्टसी'ची विजयाची धून. 'क्रोनो ट्रिगर'मधली, बेडूक झालेल्या शूर सरदाराची धून. मी उभी राहिले होते. साऱ्या जगातले देश त्या सुरांवर चालत होते. दोन महिन्यांनी, ३० सप्टेंबरला सुगियामा गेले. १ मार्च २०२४ ला तोरियामा गेले. बातमी आली आठवड्यानं. त्या दिवशी मी 'क्रोनो ट्रिगर' लावला आणि रोबोच्या रानात जाऊन थांबले.

आजीचं राहिलंच.

युनालेस्का तिसऱ्या खेपेला हरली. युना ठरवते की सिनला मारून स्वतः मरायची आणि सिननं परत यायचं ही हजार वर्षांची रीत आता बंद, दुसरा मार्ग शोधू. त्यांना तो सापडतोही. सिन कायमचा मरतो. युना जिवंत राहते. मी आनंदानं आजीकडे वळले, कारण ती चुकली होती. पण पडद्यावर दत्तू विरघळायला लागला होता. तो खरा माणूस नसतोच. फार जुन्या लोकांच्या स्वप्नातून तो उभा राहिलेला असतो, आणि सिन संपल्यावर ते स्वप्न पाहणारे जागे होतात. युना त्याला मिठी मारायला धावते आणि त्याच्यातून आरपार जाऊन खाली पडते. तो उडत्या जहाजावरून उडी घेतो.

आजीनं विचारलं, "दत्तूला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

"कधीपासून?"

मी आठवून सांगितलं. "त्या बर्फाच्या डोंगरावर. झानारकंदच्या आधी."

"म्हणजे शेकोटीच्या आधी." आजी सरळ होऊन बसली. "सगळे हिच्यासाठी गप्प बसले होते, आणि हा स्वतःचं ठेवून गप्प बसला होता. म्हणून पहिल्याच दिवशी म्हणाला, शेवटची संधी. आपण किती वेळा ऐकलं ते."

चौदा वेळा ऐकलं होतं. मी मोजलं होतं.

मग लुका बंदराचा धक्का. कधीकाळी इथंच दत्तूनं युनाला बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायला शिकवलं होतं. हरवलीस तर वाजव, मी पळत येईन. युना धक्क्याच्या टोकाला उभी राहून शिट्टी वाजवते. थांबते. पुन्हा वाजवते. त्या दिवशी लाईट साडेसहालाही गेली नाही, नावांची यादी संपेपर्यंत राहिली. आजीनं भावाबद्दल काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो मुंबईहून कधी परत आला नव्हता एवढं मला माहीत होतं.

आजी २०१४ मध्ये गेली. गेल्या दिवाळीत मी कराडला निन्तेन्दोचा स्विच हा कन्सोल घेऊन गेले. त्यावर हा खेळ नव्यानं मिळतो. आधीचा एकही सेव्ह त्यात नव्हता, म्हणून अगदी सुरुवातीपासून लावला. शेकोटी, प्रकाशाचे ठिपके, टेकवलेली शस्त्रं. पियानो सुरू झाला.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "हे आत्याबाईंचं गाणं ना गं?"

त्या उन्हाळ्यात ती एकदाही खोलीत येऊन बसली नव्हती. रोज चारला तिचा चहा चालू असायचा आणि भिंतीपलीकडून तिनं ते ऐकलं होतं. मी म्हटलं, हो, तेच.

गॅस बारीक करून ती बाहेर आली आणि आजी बसायची तिथं भिंतीला टेकून बसली. "बघितलं नाही बघ मी कधी," म्हणाली. "कोण कोण आहे ह्यात?"

मी सांगायला लागले.